दोन डोकी आणि एक पंख

राजचिन्हावर बसायचं ठरलं की पक्ष्याला आधी स्वतःचं पक्षीपण सोडावं लागतं. रशियाचा झार घ्या किंवा ऑस्ट्रियाचा सम्राट. एका डोक्याच्या गरुडावर दोघांचंही भागलं नाही. आपल्याकडचा गंडभेरुंड तर त्याहून वरचढ. विजयनगरच्या अच्युतदेवरायाच्या सोन्याच्या नाण्यांवर तो चोचींत आणि पंजांत हत्ती धरून उभा आहे. म्हैसूरच्या वडियारांनी त्याला राजचिन्ह केलं. आज तो कर्नाटक राज्याच्या मुद्रेवर आहे आणि कर्नाटकच्या एस.टी.वरही. वाकडच्या हायवेवर बंगळुरूची गाडी दिसली तर जरूर बघा. हत्ती उचलणाऱ्याला पन्नास प्रवासी म्हणजे चिल्लर!

चित्र झकास, यात वाद नाही. पण आक्षेप आहे तो दोन डोक्यांना. एका फायलीवर दोन साहेब बसले की काय होतं, हे कुठल्याही कारकुनाला विचारा.

दुसरं टोक बघायला चाकणला जावं. तिथल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या स्कोडा गाडीची खूण म्हणजे पंख असलेला बाण. १९२३ साली नोंदवलेलं हे चिन्ह. चोच नाही, पोट नाही, पाय नाहीत. तीन पिसं तेवढी ठेवली. आमच्या ऑडिटरलाही एवढी काटछाट साधली नसती. रेखाटन म्हणून याला पहिला नंबर द्यावा लागेल, कारण लांबूनही ओळखू येतं. मात्र चाकणच्या तळेगाव चौकात संध्याकाळी हा बाण तासभर जागचा हलत नाही, तेव्हा पंखाची कीव येते.

आणि या दोन्हींच्या मधे, पवनेच्या काठी, चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. त्यांचं दैवत मोरगावचा मयूरेश्वर, म्हणजे मोरावर बसणारा गणपती. या मोराला डोकं एकच, आणि तेही जागेवर. राजाचा पक्षी शिकार उचलतो. देवाचा पक्षी देवालाच उचलतो. म्हणून तर त्याला ‘वाहन’ म्हणतात.

अहो, वाहनं बनवण्यावर जगणाऱ्या या पट्ट्याला याहून नेमकं चिन्ह कुठलं मिळणार? ढालीवर आजवर बहुधा झडप घालणारेच चढले. ओझं वाहणाऱ्याला तिथं क्वचितच कुणी बसवलं. पाठीवर भार घेतलेला एखादा मोर काढून बघा. तिसऱ्या पाळीहून घरी निघालेला माणूस त्याला लांबूनच ओळखेल. त्याला अर्थ समजावून सांगायची गरज पडणार नाही.