बंधन आणि अर्थ : एक ध्वनिमुद्रिका व मोरोपंतांची रामायणे

कलावंताने स्वतःवर लादून घेतलेले तांत्रिक बंधन अर्थाला पोषक ठरते की त्यातून केवळ चमत्कृती उरते, हा प्रश्न बारामतीच्या मोरोपंतांविषयी (१७२९-१७९४) वारंवार चर्चिला गेला आहे. इंग्लंडातील प्रोग्रेसिव्ह रॉक या संगीतप्रकारावरही, त्यातील विषम ताल व दीर्घ रचना यांमुळे, पांडित्यप्रदर्शनाचा असाच आक्षेप घेण्यात आला. दोन्ही ठिकाणी बंधन किती अवघड आहे यावरून निर्णय देता येत नाही. ते रचनेत कोणते कार्य करते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पिंक फ्लॉइड या संचाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही ध्वनिमुद्रिका १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली. तीतील गीतमालिका १९७२ च्या आरंभापासूनच रंगमंचावर सादर होत होती. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ती नंतर मुद्रित झाली. 'मनी' या गीतासाठी नाण्यांचा खणखणाट, कागद फाटल्याचा आवाज, गल्ल्याच्या यंत्राचा नाद असे ध्वनी टेपवर घेऊन, मोजून कापलेले तुकडे जोडून सात मात्रांचे आवर्तन सिद्ध करण्यात आले. रूपक तालाशी परिचित असलेल्या मराठी श्रोत्यास सात मात्रांचे नवल वाटू नये. नवल आहे ते हे की, येथे पैशाचा आवाजच ताल झाला आहे. गाणारा पैशाविषयी काहीही म्हणो, त्याला चालावे लागते पैशाच्याच मापाने. गिटारच्या एकल वादनात ताल चार मात्रांचा होऊन मोकळा वाटतो. अखेरच्या कडव्यात सात मात्रा परततात. सुटका क्षणिक ठरते. येथे बंधन हाच आशय आहे.

मोरोपंतांच्या निरोष्ठ रामायणात ओष्ठ्य वर्ण वर्ज्य आहेत. 'म' हा ओष्ठ्य. तेव्हा ज्याची कथा सांगावयाची, त्या रामाचे नावच उच्चारता येत नाही. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त मंत्रगुप्ताचे ओठ दुखावलेले असल्याने तो ओष्ठ्य वर्ण टाळतो. तेथे बंधनाला कथेतच कारण मिळते. रामकथेत तसे कारण नाही. म्हणून हे रामायण सुटे वाचल्यास कसरत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच कवीने मंत्ररामायणात रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राची अक्षरे गुंफली. एकात नाम दडलेले, दुसऱ्यात नाम वर्ज्य! शेजारी ठेवताच दोन्ही बंधने परस्परांना अर्थ देतात.

आषाढीच्या वाटेवर तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकीमार्गे इंदापुरास जाते, तेव्हा नामाचा उच्चार हेच भजनाचे सर्वस्व असते. त्या परिसरात नामाविना रचलेली रामकथा केवळ वर्णक्रीडा राहत नाही. तिच्यातील मौन ऐकू येते. परंपरेने एकशेआठ मानलेल्या मोरोपंतांच्या रामायणांपैकी प्रत्येकास ही योग्यता देता येणार नाही. तथापि सुट्या रचनेवरून मालिकेचा निवाडा करणे, हे एका पदावरून वाक्याचा अर्थ ठरविण्यासारखे आहे.