परदेशी विद्यापीठे आणि मराठवाड्याचा अर्वाचीन इतिहास

१

मराठवाड्याच्या अर्वाचीन इतिहासाचे एक वैशिष्ट्य असे की, त्यावरील पद्धतशीर संशोधनाचा बराच भाग मराठवाड्याबाहेर, आणि त्यांतही भारताबाहेर सिद्ध झाला आहे. हैदराबाद संस्थानाच्या अखेरच्या शतकासंबंधी गेल्या अर्धशतकात जे महत्त्वाचे प्रबंध लिहिले गेले, त्यांत विस्कॉन्सिन, हायडेलबर्ग, बर्कली, हार्वर्ड व केंब्रिज ही नावे वारंवार येतात. नांदेड किंवा लातूर येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यास आपल्याच जिल्ह्याच्या घडणीचा विचार करताना या ग्रंथांना वळसा घालून पुढे जाता येत नाही. म्हणून परदेशी विद्यापीठांनी या इतिहासास काय दिले, काय द्यावयाचे राहिले आणि येथील विद्यार्थ्याने तेथे कोणत्या तयारीने जावे, याचा विचार करणे आवश्यक ठरते.

या विचारास अलीकडे एक व्यावहारिक निकडही प्राप्त झाली आहे. अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांना परदेशी उच्च शिक्षणासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून मिळत आली. २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळण्यात आले. अशा विषयांची साधने व जाणकार देशातच विपुल आहेत, मग त्यांसाठी परदेशगमनावर खर्च का करावा, असा या निर्णयामागील युक्तिवाद होता. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. मराठवाड्याच्या उदाहरणावर तो घासून पाहिला असता मात्र त्यातील उणीव ध्यानात येते.

२

प्रथम साधनांचा प्रश्न घेऊ. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. प्रदेश इकडे आला, परंतु संस्थानाचे मुख्य दप्तर हैदराबाद येथेच राहिले. हे दप्तर बव्हंशी फार्सी व उर्दू भाषांत आहे. रेसिडेन्सीशी व ब्रिटिश सरकारशी झालेल्या व्यवहाराची कागदपत्रे दिल्ली येथील राष्ट्रीय अभिलेखागार आणि लंडन येथील ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसचे दप्तर यांत विभागली गेली आहेत. संस्थानाने १९४८ साली आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे नेली. तिच्यावर त्या वर्षी १६ सप्टेंबरला पॅरिस येथे चर्चा झाली आणि तेथे गेलेल्या शिष्टमंडळात औरंगाबादचे दलित पुढारी बी. श्यामसुंदर हेही होते. संस्थानाचे सुमारे दहा लक्ष पौंड त्याच सप्टेंबर महिन्यात लंडनमधील वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या नावे वळते झाले. त्या रकमेचा निकाल इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. ज्या संस्थानाच्या व्यवहाराचे धागे इतक्या दूरवर पसरले आहेत, त्याच्या इतिहासाची साधने देशातच विपुल आहेत असे म्हणणे अर्धसत्य होय.

साधनांच्या या विखुरलेपणात जिल्ह्यांच्या बदलत्या सीमांनी भर घातली आहे. लातूर जिल्हा १९८२ साली उस्मानाबादमधून निर्माण झाला. त्यापूर्वीच्या काळात ‘लातूर जिल्हा’ या नावाने दप्तर शोधू जाणाऱ्यास काहीच हाती लागणार नाही. लातूर हे त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात आणि तो जिल्हा गुलबर्गा सुभ्यात होता. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके १९५६ पूर्वी बीदर जिल्ह्यात होते. नांदेड औरंगाबाद सुभ्यात होता. पुनर्रचनेच्या वेळी मुधोळ त्याच्यातून आदिलाबादकडे गेले, तर किनवट आदिलाबादमधून नांदेडकडे आले. आजच्या लातूर जिल्ह्यासंबंधी लिहू पाहणाऱ्यास म्हणूनच उस्मानाबाद व बीदर या दोन जिल्ह्यांची कागदपत्रे चाळावी लागतात. हे ध्यानात न घेता आजचा नकाशा कालच्या दप्तरावर ठेवला, तर आकडे, महसूल, लोकसंख्या यांची तुलना सर्वस्वी चुकते.

३

परदेशी संशोधनाची कामगिरी या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. डॉ. कॅरेन लेनर्ड यांनी विस्कॉन्सिन विद्यापीठास १९६९ साली सादर केलेला हैदराबादच्या कायस्थांवरील प्रबंध १९७८ साली ग्रंथरूपाने आला. एका जातीचे नातेसंबंध, विवाह आणि दरबारी नोकऱ्या यांच्या बारीक तपशिलातून राज्ययंत्रणेचा स्वभाव उलगडता येतो, हे त्यांनी दाखविले. डॉ. मार्ग्रिट पेर्नाव यांचा हायडेलबर्ग येथील अभ्यास १९९२ साली जर्मनमध्ये व २००० साली इंग्रजीत प्रसिद्ध झाला. १९११ ते १९४८ या काळात व्यक्तिनिष्ठेवर उभी असलेली राज्यव्यवस्था कसकशी ढासळली आणि तिच्या जागी धर्माधिष्ठित राजकीय गट कसे बळावले, याचे त्यातील विवेचन मूलगामी आहे. रझाकारांचा उदय हा एका माथेफिरू वकिलाच्या कर्तृत्वाचा परिणाम नव्हता. त्याच्यामागे राज्यसत्तेच्या वैधतेचा दीर्घकालीन पेच होता, हे या ग्रंथाच्या वाचनानंतर नाकारता येत नाही. कासिम रझवी हे लातूरचे वकील होते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु लातूरच्या वकिलास हैदराबादेत एवढी सत्ता का मिळाली, या प्रश्नाचे उत्तर पेर्नाव यांच्या मांडणीत अधिक समाधानकारक रीतीने सापडते.

डॉ. कविता दातला यांचा उस्मानिया विद्यापीठावरील ग्रंथ २०१३ सालचा आहे. उर्दू माध्यमाचा प्रयोग केवळ सांप्रदायिक हेतूने झाला नव्हता, देशी भाषेत आधुनिक ज्ञान आणण्याची ती एक महत्त्वाकांक्षी योजना होती, असे त्या साधार मांडतात. डॉ. एरिक बेव्हर्ली यांच्या २०१५ च्या ग्रंथातील संस्थान व मुंबई इलाखा यांच्या सरहद्दीचे विवेचन मराठवाड्याच्या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. दोन राजवटींच्या सीमेवरील माणूस कायद्यांतील तफावतीचा उपयोग कसा करून घेतो, हे त्यात दिसते. १९४७-४८ मध्ये स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर, उदाहरणार्थ नांदेडलगतच्या उमरखेड येथे, जे तळ उभारले त्यांचा विचार या अंगाने केल्यास त्या लढ्यामागील भूगोल नव्याने उमगतो. डॉ. टेलर शर्मन (२०१५) आणि डॉ. सुनील पुरुषोत्तम (२०२१) यांनी पोलीस कारवाईनंतरच्या काळाकडे लक्ष वळविले आहे. संस्थानाबाहेरच्या पण मराठवाड्याशी निगडित अशा विषयात डॉ. अनुपमा राव यांच्या २००९ च्या ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. १९७८ चा नामांतराचा प्रश्न आणि परभणी जिल्ह्यातील पिंपरी देशमुख येथील कोतवालाच्या हत्येचे प्रकरण यांचे त्यातील विश्लेषण मराठवाड्याच्या खेड्यास आधुनिक राज्यशास्त्राच्या केंद्रस्थानी आणते.

या सर्वांचा समान गुण म्हणजे प्रश्नांची व्याप्ती. स्थानिक घटना स्थानिक न ठेवता तिला साम्राज्य, सार्वभौमत्व, भाषा, नागरिकत्व अशा व्यापक चर्चेत आणण्याचे सामर्थ्य या ग्रंथांत आहे. हे सामर्थ्य केवळ ग्रंथालयाच्या संपन्नतेमुळे येत नाही. इतर देशांच्या इतिहासाचे अभ्यासक ज्या चर्चासत्रात शेजारी बसलेले असतात, तेथे तुलनेची सवय आपोआप जडते.

४

तथापि या ग्रंथांच्या मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. पहिली मर्यादा राजधानीच्या वर्चस्वाची. दरबार, दिवाण, रेसिडेन्सी, उस्मानिया यांच्याभोवती बहुतेक मांडणी फिरते. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड व उस्मानाबाद ही नावे येतात ती बहुधा उदाहरणादाखल. दुसरी मर्यादा भाषेची. इंग्रजी व उर्दू साधनांचा उपयोग जेवढ्या कसोशीने केलेला दिसतो, तेवढा मराठीचा होत नाही. याचा परिणाम निष्कर्षांवर होतो. उस्मानियाच्या उर्दू माध्यमाचा विचार योजना करणाऱ्यांच्या बाजूने केला तर तो उदात्त दिसतो. परंतु ज्या मराठी मुलास घरची भाषा सोडून शिकावे लागले, त्याच्या बाजूने त्याच योजनेचा अर्थ निराळा होता. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून निर्माण झालेल्या संघर्षात विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांपैकी अनेकांनी नागपूर विद्यापीठाचा आश्रय घेतला. या घटनेत राष्ट्रवाद किती, भाषिक कोंडी किती व धार्मिक अस्मिता किती, हे ठरविण्यास त्या पिढीचे मराठी लेखन वाचणे अपरिहार्य आहे. तिसरी मर्यादा परिभाषेची. युरोपच्या समाजशास्त्रातून घेतलेल्या संज्ञा राजदरबाराचे वर्णन नीट करतात, परंतु देशमुखी वतन, इनाम, बलुते यांवर उभ्या असलेल्या गावगाड्यापर्यंत त्या पुरत नाहीत.

५

परदेशी संशोधनातील उणिवा दाखवून येथील लेखनाची जबाबदारी संपत नाही. मराठवाड्यात या विषयावर जे लिहिले गेले त्याचे मोल मोठे आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणी आणि अनंत भालेराव यांचा १९८७ चा ग्रंथ हे लढ्यात उभ्या राहिलेल्या माणसांचे लेखन आहे. नरहर कुरुंदकरांनी नांदेड येथे बसून संस्थानाच्या राजकारणाची जी तर्ककठोर चिकित्सा केली, ती परदेशी प्रबंधांच्या तोडीची आहे. परंतु सहभागी व्यक्तीचे लेखन हे प्रथम साधन असते व नंतर इतिहास. पुढच्या पिढीने त्या साधनाची चिकित्सा करावयाची असते. ती न करता त्याचीच आवृत्ती करीत राहणे हा आदर नव्हे. मुक्तिसंग्रामाचे बरेचसे स्थानिक लेखन आजही हुतात्म्यांची यादी, सत्याग्रहांचा क्रम आणि १७ सप्टेंबर १९४८ चा विजय या चौकटीत थांबते.

या थांबण्याची किंमत कोणती, हे सुंदरलाल अहवालाच्या उदाहरणावरून कळते. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या दिवसांत झाली. तिच्यानंतर संस्थानात मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करण्यास पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार यांचे मंडळ गेले. त्यांनी मृतांचा सावध अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड हे सर्वाधिक होरपळलेले जिल्हे म्हणून नोंदविले. लातूर शहराचा त्यात स्वतंत्र उल्लेख आहे. रझाकारांनी आधी केलेले अत्याचारही अहवालाने लपविले नाहीत, आणि हिंदूंनी शेजाऱ्यांना वाचविल्याची उदाहरणेही दिली. सरदार पटेलांनी त्याचे निष्कर्ष मान्य केले नाहीत व सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. ओमर खालिदी यांनी १९८८ साली अमेरिकेतून संपादित केलेल्या संग्रहाने आणि ए. जी. नूरानी यांच्या २०१३ च्या ग्रंथाने तो अभ्यासकांपुढे आणला.

अहवालातील आकडे अंतिम मानण्याचे कारण नाही. तो अल्पावधीच्या दौऱ्यावर आधारलेला आहे आणि त्याची गावनिहाय पडताळणी व्हावयास हवी. पण ही पडताळणी कोण करणार? ती लंडन वा कॅलिफोर्नियात बसून होणार नाही. तिच्यासाठी तालुक्यांचे फेरफार, सोडून दिलेल्या जमिनींच्या नोंदी, मशिदी व दर्ग्यांची इनामपत्रे आणि दोन्ही समाजांतील कुटुंबांच्या आठवणी जुळवाव्या लागतील. हे काम नांदेड व लातूर येथील अभ्यासकच करू शकतात. तथापि ते करण्यास लागणारे मानसिक अंतर गावात राहून सहसा मिळत नाही. ज्या पिढीने संग्राम लढविला तिच्याविषयीची कृतज्ञता आणि नंतर जे घडले त्याचे सत्य ही दोन्ही एकाच वेळी मनात धरणे कठीण असते. परदेशी विद्यापीठाचा खरा उपयोग येथे आहे. जर्मनीने आपल्या गतकाळाची चिकित्सा कशी केली, आयर्लंडमध्ये स्वातंत्र्यलढ्यानंतरच्या यादवीचा इतिहास कसा लिहिला गेला, हे जवळून पाहिलेला विद्यार्थी आपल्या जिल्ह्याकडे परतताना निराळे धैर्य घेऊन येतो.

६

२०२२ च्या नियमातील दोष यावरून स्पष्ट होतो. ज्ञानाचे स्थान साधनांच्या स्थानावरून ठरवावे, हे त्यात गृहीत धरले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेतले. ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध त्याच विद्यापीठातील, तर रुपयाच्या प्रश्नावरील लंडन येथील. दोन्ही विषय भारताच्या आर्थिक इतिहासाचे. साधने देशात आहेत, या कारणास्तव बडोद्याने त्यांना परत बोलाविले असते, तर त्या प्रबंधांचे काय झाले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे त्यांच्याच पूर्वजांचा इतिहास सर्वांत कमी लिहिला गेला आहे. संपन्न घरातील विद्यार्थी स्वखर्चाने परदेशात जाऊन या विषयावर लिहीलच; बंदी पडते ती केवळ दुसऱ्यावर. परिणामी मराठवाड्याच्या दलितांविषयी परदेशात लिहिले जात राहील, परंतु लिहिणारा तो नसेल.

मात्र संधी मिळाली म्हणून तयारीचा प्रश्न सुटत नाही. उर्दू लिपी वाचू न शकणारा, मोडी ओळखू न शकणारा आणि फार्सीचा गंध नसलेला विद्यार्थी लंडनच्या दप्तरातील इंग्रजी कागदांवरच अवलंबून राहील व परदेशी संशोधकांचेच निष्कर्ष मराठी नावाने मांडील. मराठवाड्यात तीन पिढ्यांपूर्वी उर्दू ही शाळेची व कचेरीची भाषा होती. मराठी घरांतील वृद्ध ती सहज लिहीत. हा वारसा मुक्तीनंतर झपाट्याने लोपला. तो परत मिळविणे ही भावनेची नव्हे, संशोधनाची गरज आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेत इतिहासाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमास उर्दू व मोडी वाचनाची जोड असणे, आणि प्रबंधाचा विषय जिल्ह्याऐवजी तालुक्याच्या दप्तरापासून सुरू होणे, या दोन गोष्टी साधल्या तरी पुष्कळ साधेल. असा विद्यार्थी परदेशी विद्यापीठात केवळ शिकण्यास जाणार नाही; हैदराबादविषयी तेथे प्रचलित असलेल्या मांडणीत उदगीर, किनवट व उमरी यांची भर घालूनच तो परतेल.