दोन चौकटींमधली जात

लंडनमध्ये शिकणाऱ्या माझ्या भाच्याने मध्यंतरी चार पाने पाठवली. सोबत दोन ओळी होत्या : "मामा, स्पर्धेला द्यायची आहेत. परखड मत सांगा."

स्पर्धा लघुकथेची, पण चित्रकादंबरी करू पाहणाऱ्या नव्या हातांसाठी. ह्या प्रकारातली नावाजलेली स्पर्धा 'द ऑब्झर्व्हर' हे वृत्तपत्र, जोनाथन केप ही प्रकाशनसंस्था आणि कॉमिका महोत्सव यांनी २००७ साली तिकडे सुरू केली. कथा चित्रांतून सांगायची आणि चार पानांत संपवायची. २०११ साली ती जिंकणाऱ्या इझाबेल ग्रीनबर्ग यांची चित्रकादंबरी २०१३ साली प्रसिद्ध झाली. चार पानांचा हा उंबरठा आपला पोरगा ओलांडू पाहतो, याचा मला आनंद आहे. पण तो आपले कोणते चित्र घेऊन आत जातो, हे तपासणे भाग आहे.

त्याने विषय घेतला तो बाबासाहेबांच्या बालपणातला, १९०१ सालचा. वडिलांना भेटायला साताऱ्याहून गोरेगावला निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. न्यायला कोणी आलेले नव्हते. जात कळल्यावर एकही गाडीवान त्यांना गाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर गाडी मिळाली. सोबत शिदोरी होती, पण पाणी कोणी दिले नाही. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे स्वतः लिहून ठेवले आहे.

भाच्याची रेषा चांगली आहे. मात्र त्याने मुले काढली ती फाटक्या कपड्यांत, माना खाली घातलेली. असे का, म्हणून विचारले. तो म्हणाला, "इंग्रज वाचकाला पहिल्याच चौकटीत कळायला नको का, की ही अस्पृश्य मुले आहेत?"

माझा आक्षेप नेमका इथे आहे. बाबासाहेब सांगतात की मुलांच्या अंगावर नवे सदरे होते, डोक्यावर झगमगत्या टोप्या, पायांत नवे जोडे आणि नेसूला रेशीमकाठी धोतरे. स्टेशनमास्तरालाही ती ओळखू आली नाहीत. त्याने विचारले, मुलाने महार असल्याचे सांगितले, आणि मास्तराचा चेहरा पालटला. आधीच्या चौकटीत आणि नंतरच्या चौकटीत मुले तीच, कपडे तेच, फलाटही तोच. मध्ये पडला तो फक्त एक शब्द. चित्रकथेत दोन चौकटींमध्ये कोरी पट्टी असते. तिथे काय घडले ते वाचकाने भरून घ्यायचे असते. जात त्या पट्टीत घडते. ती मुलांच्या अंगावर काढणे म्हणजे मास्तराचा गुन्हा मुलांच्या माथी मारणे होय.

दलित म्हटला की वाकलेली मान, ही प्रस्थापितांच्या सहानुभूतीने घडवलेली प्रतिमा. दलित साहित्याने तिला नकार दिला. शब्दांत मिळवलेला हा नकार आपण रेषेत गमावायचा काय?

ह्या संदर्भात 'भीमायन' (२०११) पाहण्यासारखे आहे. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी त्यात हाच प्रवास चितारला आहे. माणसांना चौकोनी चौकटींत कोंडायला त्यांनी नकार दिला आणि दिग्ना नक्षीने पाने विभागली. विषारी बोलणे विंचवाच्या नांगीच्या फुग्यात घातले, सौम्य बोलणे पाखराच्या आकारात. म्हणजे अस्पृश्यता कुठे दाखवली? बोलणाऱ्याच्या तोंडी, सोसणाऱ्याच्या देहावर नव्हे. ही केवळ शैली नाही, ही भूमिका आहे.

चार पाने अपुरी पडतात, अशी भाच्याची तक्रार होती. ती मला पटत नाही. पहिल्या पानावर नवे कपडे घालून निघालेल्या मुलांची हौस, दुसऱ्यावर तो प्रश्न, तिसऱ्यावर गाडी, चौथ्यावर तहान. एवढ्यात सारे येते. समजावून देणाऱ्या ओळींची गरज उरत नाही. परक्या परीक्षकाला कळावे म्हणून आपण आपल्याच माणसांना दीन करीत असू, तर मिळालेले बक्षीसही महागात पडेल.

भाच्याने पाने पुन्हा काढायला घेतली आहेत. नंबर लागो न लागो; नव्या पहिल्या पानावर पोरांच्या टोप्या झगमगतात. आपल्या वस्त्यांतली जी मुले-मुली आज वहीच्या मागच्या पानांवर चित्रे काढतात, त्यांनीही अशा स्पर्धांत जरूर उतरावे. फक्त पेन्सिल टेकवण्याआधी एकदा स्वतःला विचारावे : मान कोणाची खाली जायला हवी?