पौलाचीं नगरें

धर्माचें बीज एकान्तांत रुजतें आणि शहराच्या वाऱ्यानें तें करपतें, अशी आपल्याकडील सुशिक्षितांचीहि समजूत असते. ऋषींचें अरण्य, साधूची गुहा, वारकऱ्याची वाट हीं चित्रें मनांत इतकीं ठसलेलीं असतात कीं, ख्रिस्ती धर्माचें नांव निघतांच गालील सरोवराचा कांठ, तेथील कोळी आणि मेंढपाळ एवढेंच डोळ्यांपुढें येतें. येल विद्यापीठाचे अध्यापक वेन मीक्स यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेला 'द फर्स्ट अर्बन ख्रिश्चन्स' हा ग्रंथ या चित्राला चांगलाच धक्का देतो. त्याला आतां चार दशकें लोटलीं, तरी तो पुन्हां वाचतांना जुना वाटत नाहीं.

ग्रंथाचा मुख्य सिद्धान्त असा कीं, येशूला क्रुसावर दिल्यापासून एका दशकाच्या आंतच त्याच्या अनुयायांनीं पॅलेस्टाईनचीं खेडीं मागें टाकलीं आणि ग्रीक-रोमन नगर हेंच नव्या पंथाचें घर झालें. येशूच्या दृष्टान्तांत पेरणी आहे, शेतांतलें तण आहे, हरवलेलें मेंढरूं आहे. पौलाच्या पत्रांत शर्यतीचें मैदान, मुष्टियोद्धा आणि पाया घालणारा गवंडी आहे. तो शेतीच्या दाखल्याकडे वळला कीं टीकाकार सावध होतात. रानटी जैतुनाची फांदी बागेंतल्या झाडावर कलम करण्याचा त्याचा दाखला वाचून अनेकांनीं या शहरी माणसाला हंसून घेतलें आहे. (ही गोष्ट निसर्गाविरुद्ध आहे असें पौल स्वतःच म्हणतो, हें मात्र हंसणारे विसरतात.)

माझ्या मतें ग्रंथाचा सर्वांत सरस भाग म्हणजे या मंडळींतील माणसांची ओळख. थुवतीराची लुदिया फिलिप्पै येथें जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करी. अक्विल्ला व प्रिस्किल्ला हें जोडपें रोमहून निघून करिंथ येथें आलें आणि पौलाबरोबर तंबू करण्याच्या धंद्याला लागलें. एरास्त हा करिंथचा खजिनदार. बहुतेकांचें गांव एक, धंद्याचें ठिकाण दुसरें. करिंथ तर रोमनांनीं ख्रिस्तपूर्व १४६ मध्यें धुळीस मिळविलें होतें, आणि ज्युलिअस सीझरनें ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें तेथें वसाहत केली तींत दास्यमुक्तांचा भरणा मोठा होता. पौल तेथें पोंचला तेव्हां त्या नव्या नगराला पुरतें शतकहि झालें नव्हतें.

अशा ठिकाणीं माणसाची किंमत एका मापानें ठरत नाहीं. पैसा आहे पण कुळ नाहीं, कर्तबगारी आहे पण जन्म दास्यांतला. अशांनाच नवा धर्म विशेष भावला असावा, असें मीक्स सुचवितात. मी स्वतः विद्यार्थिदशेंत खेड्यांतून शहरांत आलों, तेव्हां खानावळींत मला कोणी कुळ विचारलें नाहीं. पहिल्या दिवशीं त्याची भीति वाटली. महिन्याभरानें हायसें वाटूं लागलें. म्हणून मीक्स यांचें अनुमान मला पटतें. परंतु पटणें वेगळें आणि सिद्ध होणें वेगळें. ज्यांचीं नांवें पत्रांत आलीं त्यांवरून बिननांवाच्या जमावाचा अंदाज बांधणें धोक्याचें आहे. जस्टिन मेगिट यांनीं १९९८ सालीं नेमका हाच आक्षेप घेतला. पौलाच्या मंडळींतील बहुसंख्य लोक हातावर पोट असलेलेच होते, असें त्यांचें म्हणणें आहे.

'एक्लेसिया' या शब्दाची मीक्स यांनीं केलेली चर्चा मराठी वाचकाला विशेष रुचेल. ग्रीक नगरांतील नागरिकांच्या सभेचें हें नांव या पंथानें उचललें. सभा मात्र भरे कोणाच्या तरी घरांत. आपल्या भाषांतरकारांनीं त्यासाठीं 'मंडळी' हा शब्द योजला. त्यांत नागरिकत्वाचा हक्क हरवतो, पण 'घरची मंडळी' म्हणतांना जो जिव्हाळा असतो तो येतो.

त्या घरांतल्या जेवणाचें काय? करिंथच्या प्रभुभोजनांत कोणी भुकेला राही आणि कोणी मद्यानें धुंद होई, म्हणून पौल संतापला. पंगतींतला भेद ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हा संताप समजावून सांगावा लागत नाहीं. ऐपतदार यजमानांच्या घरीं, नगराच्या रीतीप्रमाणें, मानकऱ्यांना आधीं आणि उत्तम वाढलें जाई, असा या प्रसंगाचा उलगडा गेर्ड थाइसेन या जर्मन पंडितानें केला होता. मीक्स तो बहुतांशीं स्वीकारतात. पण पौलाचा तोडगा पाहा. एकमेकांसाठीं थांबा, आणि भूक लागली तर घरीं खाऊन या, असें तो लिहितो. म्हणजे सामाईक पानावरून भेद उठला. घरच्या पानावरचा तसाच राहिला. इतकें बारकाईनें पाहणारा हा ग्रंथकार येथें थोडा वेळ थांबून पौलाला जाब विचारील अशी माझी अपेक्षा होती. तो विचारीत नाहीं. समूह कसा टिकला हें सांगून पुढील प्रकरणाकडे वळतो.