‘लस’ कशाला म्हणावे?

जालना जिल्ह्यातील एका शिक्षक-शिबिरात मला विचारले गेले, “संगणकाला लस दिली, की मग पॅच कशाला हवा?” प्रश्न रास्त होता. चूक आपल्या शब्दाची होती.

हा शब्द जून २०१७ मध्ये गाजला. जालन्यात ड्राय पोर्ट उभारण्याचे काम ज्या जवाहरलाल नेहरू बंदराने हाती घेतले, त्याच बंदरातील एका टर्मिनलचे काम तेव्हा ठप्प झाले होते. ते चालवणाऱ्या मर्स्क या डॅनिश समूहाच्या संगणकांत ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्राम शिरला होता. त्यावर एक उपाय लगेच सापडला : विंडोजच्या फोल्डरमध्ये ‘पर्फसी’ नावाची, फक्त वाचता येईल अशी फाइल ठेवायची. बातम्यांत तिला ‘लस’ म्हटले गेले.

लस शरीराला जंतू ओळखायला शिकवते. ही फाइल संगणकाला काहीच शिकवत नाही. नॉटपेट्या सुरू होताना या नावाची फाइल शोधतो. ती सापडली, की येथील काम झाले असे समजून थांबतो. म्हणजे आपण एकाच चोराला फसवले. त्याने नाव बदलले, की उपाय निकामी!

मूळ दोष होता फाइलींच्या देवाणघेवाणीसाठी असलेल्या विंडोजच्या ‘एसएमबी’ व्यवस्थेत. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिला होता. तो लगेच बसवणे शक्य नसेल, तर एसएमबीची जुनी पहिली आवृत्ती बंद करावी, ४४५ क्रमांकाचे पोर्ट बाहेरून अडवावे, असे सुचवले गेले. हे उपाय अधिक भक्कम, कारण ते दोषाकडे जाणारी वाटच अडवतात. पण त्यांचीही किंमत असते. जुने प्रिंटर, सामायिक फोल्डर चालेनासे होतात. मग कोणीतरी कंटाळून वाट पुन्हा उघडतो आणि दोष तेथेच असतो. शिवाय नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीतील पासवर्ड चोरूनही पसरत होता. त्यामुळे पॅच बसवलेले संगणकही त्याच्या तावडीत सापडले.

म्हणून शाळेच्या संगणक-कक्षात तात्पुरता उपाय केलात, तर वहीत तीन गोष्टी जरूर नोंदवा : त्याने कोणती वाट अडते, कोणती उघडी राहते आणि पॅच बसवून तो कधी काढायचा. गळक्या पत्र्याखाली बादली ठेवावीच लागते; पण तिला आपण दुरुस्ती म्हणत नाही.