संस्कृती : दाणा आणि तूस

आमच्याकडे दिवाळी सरली की मंडई भरते. भाऊबीजेपासून गावोगावचे दिवस ठरलेले असतात. हलके धान कापून झालेले असते, भारी धान बांधीत उभे असते, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा दंडार किंवा खडी गंमत होते आणि रात्री नाटक. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. पण त्याला आमच्या गावात कोणी 'संस्कृती' म्हणत नाही, म्हणतात 'मंडई'. 'संस्कृती' हा शब्द आमच्याकडे येतो तो निमंत्रणपत्रिकेवर आणि पाहुण्यांच्या भाषणात.

अशाच एका पत्रिकेपासून प्रारंभ करतो. काही वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनाची कार्यक्रमपत्रिका माझ्या हातून लिहिली गेली. नाट्यप्रवेश, भावगीते आणि समूहगान ही 'सांस्कृतिक कार्यक्रम' या मथळ्याखाली बसली; सातवीच्या मुलांची दंडार मात्र खाली, 'मनोरंजन' या मथळ्याखाली गेली. तसे करायला मला कोणी सांगितले नव्हते. पत्रिका वाचून एका मुलाने विचारले, "गुरुजी, आमची दंडार वरच्यात काहून नाही जी?" मी त्याला काहीतरी सांगून वेळ मारून नेली. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

शब्द जुना आहे. ऐतरेय ब्राह्मणात शिल्पांना 'आत्मसंस्कृती' म्हटले आहे. परंतु इंग्रजी 'कल्चर'चा प्रतिशब्द म्हणून त्याला आलेला अर्थ अलीकडचा. बंगाली लेखक या अर्थी 'कृष्टी' हा शब्द वापरीत. १९२२ साली पॅरिसमध्ये एका मराठी मित्राच्या तोंडून भाषापंडित सुनीतिकुमार चटर्जी यांनी 'संस्कृती' हा शब्द ऐकला, तो रवींद्रनाथांना सांगितला, आणि 'कृष्टी' मुळीच न रुचलेल्या रवींद्रनाथांनी त्याला पसंती दिली. 'कृष्टी' हा शब्द 'कृष्' धातूपासून, म्हणजे नांगरण्यापासून, आलेला. गंमत अशी, की मूळ लॅटिन शब्दही शेताच्या मशागतीचाच. बंगालला आपण शब्द दिला खरा, पण त्या देवघेवीत नांगर मागे राहिला.

तरी आपल्या शब्दाचे मूळही वाटते तितके सोवळे नाही. 'सम्' या उपसर्गापुढे 'कृ' धातूला 'स' केव्हा जोडावा, हे सांगताना पाणिनीने दोन अर्थ दिले आहेत : एक भूषणाचा आणि दुसरा समवायाचा, म्हणजे एकत्र येण्याचा. आपण पहिला तेवढा लक्षात ठेवला. संस्कृती म्हणजे अंगावर घालायचा दागिना. ज्याच्यापाशी आहे तो सुसंस्कृत, नाही तो उघडा. समवायाचा अर्थ व्याकरणात राहिला आणि मंडईत राहिला. मीमांसकांकडे गेलो तर आणखी मौज आहे. यज्ञासाठी आणलेले धान उखळात कांडणे, हे त्यांच्या मते संस्काराचे एक ठळक उदाहरण. तूस निघून दाणा उपयोगाला येतो, तो संस्कार. धानाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला हे निराळे समजावून द्यावे लागत नाही.

आज या एका शब्दाच्या पोटात निदान तीन अर्थ नांदतात. मॅथ्यू आर्नल्डने १८६९ साली संस्कृती म्हणजे जगातील उत्तमाचा व्यासंग मानला. दोनच वर्षांनी, १८७१ साली, एडवर्ड टायलरने समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सारे, श्रद्धेपासून रूढीपर्यंत, तिच्यात घातले. आपल्याकडेही साने गुरुजींच्या 'भारतीय संस्कृती'त हा शब्द जीवनमूल्यांकडे झुकतो, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास' (१९५१) या ग्रंथात विचारपरंपरेकडे, आणि त्याच साली आलेल्या इरावती कर्वे यांच्या 'मराठी लोकांची संस्कृती'त लोकजीवनाकडे. तिन्ही ग्रंथ थोर आहेत, कारण लेखकांना आपण कोणत्या अर्थाने बोलतो आहोत हे ठाऊक होते.

तेव्हा शब्दाला अनेक अर्थ असणे हा दोष नव्हे. वाक्याच्या मध्यावर अर्थ बदलणे हा दोष. मी पत्रिकेवर तेच केले. भावगीताला आर्नल्डचे माप लावले आणि दंडारीला टायलरचेही लावले नाही.

आपल्या ग्रंथपरीक्षणांतही हीच लबाडी चालते. पुण्यातल्या वाड्यावर कादंबरी आली, की परीक्षक पात्रांविषयी, रचनेविषयी, भाषेविषयी लिहितो. झाडीतल्या बांधीवर आली, की 'त्या भागातील संस्कृतीचे दर्शन घडते' एवढ्या वाक्यावर परीक्षण आटोपते. माझ्याही एका कादंबरीच्या वाट्याला हे वाक्य आले आहे. वरवर ते कौतुक. वस्तुतः ती सुटका आहे. नायिका का रडली, ते रडणे मला साधले की नाही, हे परीक्षकाने पाहिलेच नाही. माणसाऐवजी त्याने नमुना पाहिला.

परंतु दोष एकट्या शहराचा नाही. २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. त्याचा आनंद मलाही झाला. मात्र त्यानंतर कालपर्यंत दंडारीला नाक मुरडणारी माणसेही 'आमची संस्कृती' म्हणू लागली, आणि तेव्हा मी थोडा सावध झालो. हा तिसरा अर्थ : संस्कृती म्हणजे झेंडा. झेंड्याची परीक्षा करायची नसते, त्याला वंदन करायचे असते. दंडारीत बाईचे सोंग पुरुषानेच का घ्यायचे, रात्रीच्या नाटकात लावणी कथेसाठी येते की टाळीसाठी, मंडईत कोणी कुठे बसायचे हे पूर्वी कोण ठरवीत असे, हे प्रश्न झेंड्याखाली विचारता येत नाहीत. दागिना केल्याने जी कला बाहेर राहिली होती, ती झेंडा केल्याने कोंडली जाईल, असे मला भय वाटते.

म्हणून मला उखळातला अर्थ जवळचा वाटतो. धान पवित्र म्हणून कोणी तुसासकट शिजवीत नाही, आणि तूस आहे म्हणून धान उकिरड्यावर टाकीत नाही. मुसळाचे घाव भावगीतावरही पडावेत आणि दंडारीवरही; दोहोंना उखळ मात्र एकच असावे. टीका म्हणजे तरी दुसरे काय?

पुढल्या वर्षी पत्रिकेवर मी एकच मथळा ठेवला : 'आजचे कार्यक्रम'. दंडार भावगीताच्या आधी झाली. संपल्यावर त्या मुलांना जवळ बोलावून मी सांगितले, की ढोलकी चांगली होती, पण मधले सवालजवाब ढिले पडले, पुन्हा बसवा. मुले हिरमुसली नाहीत. नाट्यप्रवेशाच्या मुलांना मी अशीच बोलणी देतो, हे त्यांना माहीत होते.