औरंगजेबाची कबर आणि तुमचा रिसर्च क्वेश्चन

आमच्या फर्दापुरात मुघलकालीन सराई आहे. ती पाडा, असं मी तरी कुणाकडून ऐकलं नाही. याच जिल्ह्यात खुलताबादला औरंगजेबाची कबर आहे. मार्च 2025 मध्ये ती हटवायची मागणी पेटली. 17 मार्चला नागपुरात हिंसाचार झाला, त्यात एकाचा जीव गेला.

सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी हा वाद संशोधकासारखा तपासून बघा.

'गुलामीच्या खुणा पुसा' हा एका बाजूचा निकष. तो खरा धरला तर सराईही जायला हवी आणि बीबी का मकबराही. तसं कुणी फारसं म्हणत नाही. म्हणजे खरा निकष वेगळा आहे: या जागेमुळे औरंगजेबाचा सन्मान होतो का? 1689 मध्ये त्याने संभाजी महाराजांची क्रूर हत्या करवली, त्या वेदनेतून हा प्रश्न येतो. तो खोटा नाही.

'कबर काढली तर इतिहास पुसला जाईल' हा दुसऱ्या बाजूचा दावाही ढिला आहे. 1689 आणि 1707 कागदपत्रांत राहणारच. जाईल ते वेगळंच: एवढा मोठा बादशहा झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्यात, घुमटाशिवाय, उघड्या आभाळाखाली पुरला गेला, हे जागेवरच दिसतं.

आता पुण्याचं उदाहरण घ्या. डिसेंबर 2010 मध्ये महापालिकेने लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा हटवला. तिथे वाद होता, ते शिवरायांचे गुरू होते का? हे कागदपत्रांवरून तपासता येतं. खुलताबादला मात्र तथ्यावर वादच नाही. वाद मूल्याचा आहे. तो कितीही पुरावे आणले तरी सुटणार नाही.

माझं मत विचाराल तर कबर राहावी. पुतळा आपण चौथऱ्यावर चढवतो, तो सन्मान. कबर म्हणजे माणूस जिथे पुरला ती जागा. पण सरकारी पैशाने तिची देखभाल होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून तिथे 1689 सकट सगळं सांगणारा ठळक फलक हवा. जतन पुराव्याचं आहे, माणसाच्या गौरवाचं नाही, हे येणाऱ्याला कळलं पाहिजे.

आता तुमचं काम. तुमचा रिसर्च क्वेश्चन एका ओळीत लिहा. खाली लिहा: 'कोणता पुरावा मिळाला तर मी मत बदलेन?' उत्तर सापडलं तर गाईडकडे जा. नाहीच सापडलं, तर तो प्रश्न मूल्याचा आहे. त्यावर जरूर वाद घाला, फक्त त्याला 'डेटा सांगतो' म्हणू नका.